पूल नावाचा पूल

फोनवरचा कॅल्क्युलेटर उघडा आणि फोन आडवा धरा. बऱ्याच फोनवर 'साइन'चं बटण दिसायला लागतं. शाळेत त्रिकोणमितीत भेटलेला हा शब्द इंजिनिअरिंगची चार वर्षं पाठ सोडत नाही, आणि पुढे आमच्यासारखे लोक तोच कोडमध्ये लिहून पोट भरतात. पण 'साइन' म्हणजे काय, हे कुणी सांगितल्याचं आठवतं का? ज्या लॅटिन शब्दावरून तो आला, त्याचा अर्थ कपड्याची घडी, खोळ, छातीपाशी झालेला खोलगट भाग. काटकोन त्रिकोणाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

संबंध लागतो तो मागे मागे गेल्यावर. वर्तुळाचा कंस हे धनुष्य मानलं, तर त्याची दोन टोकं जोडणारी रेघ ही धनुष्याची दोरी, म्हणजे संस्कृतात 'ज्या' किंवा 'जीवा'. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या आसपास या दोरीच्या अर्ध्या भागाचं कोष्टक दिलं. हे गणित बगदादला पोचलं तेव्हा अरबांनी शब्दाचं भाषांतर केलं नाही, तसाच उचलला: 'जीबा'. अरबीत स्वर बरेचदा लिहीत नाहीत, त्यामुळे कागदावर उरली ज-य-ब एवढीच अक्षरं. पुढच्या वाचकांना 'जीबा' ओळखीचा नव्हता, पण त्याच अक्षरांचा 'जैब' रोजच्या वापरातला होता. जैब म्हणजे अंगरख्याचा गळा, त्यातली खोळ, खिसा. हिंदीतला 'जेब' तो हाच. मग बाराव्या शतकात लॅटिन अनुवादकांनी जैबचं इमानेइतबारे भाषांतर केलं: 'सिनुस'. त्याचा झाला साइन. धनुष्याच्या दोरीचा असा खिसा झाला.

ही गंमत इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी सापडते. ती सांगून लोक हसतात आणि पुढे जातात. मला मात्र या गोष्टीतल्या माणसांबद्दल जास्त कुतूहल होतं. अरबी पुस्तक लॅटिनमध्ये आणणारे हे लोक कोण होते, कुठे बसायचे, कुणाच्या मदतीने काम करायचे? यातली बरीच मंडळी ज्या गावात जमली होती ते गाव, तोलेदो, मी राहते त्या माद्रिदपासून रेल्वेने अर्ध्या तासावर आहे. आणि तिथे मला नेलं ते आमच्या स्पॅनिशच्या वर्गाने.

*

आमचा वर्ग संध्याकाळी भरतो. दिवसभर ऑफिसात इंग्रजीवर भागतं, पण घरमालक, डॉक्टर आणि सरकारी कचेरी यांच्याशी स्पॅनिशच लागते. वर्गात माझ्याशिवाय रबातची एक मुलगी आहे, ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. कीव्हहून आलेल्या एक आजी आहेत. मनिलाचा एक नर्स, ब्राझीलची एक आर्किटेक्ट, आणि वडिलांच्या दुकानात बसणारा एक चिनी मुलगा. बाईंना एकेरीत हाक मारायची अशी इथली पद्धत आहे. माझी जीभ अजून अडखळते.

अशा वर्गात एक खेळ आपोआप सुरू होतो: कुणाच्या भाषेत कुठला शब्द आधीपासून आहे? मनिलावाल्याला अर्धा शब्दकोश घरूनच मिळालेला. मला वाटलं होतं, मराठीचा इथे काय संबंध? पण पहिल्याच महिन्यात 'पागार' हे क्रियापद आलं, अर्थ पैसे देणं. आपला 'पगार' पोर्तुगिजांकडून आला, त्यामुळे तो स्पॅनिशचा चुलतभाऊ लागतो. मग 'फुलानो' आला, म्हणजे कुणी एक, अमका. मी म्हटलं, आमच्याकडे 'फलाणा'. रबातची मुलगी म्हणाली, आमच्याकडे 'फुलान', आणि तुम्ही दोघांनी तो आमच्याकडूनच घेतलाय. तिचं बरोबर होतं. 'नारांखा' म्हणजे संत्रं. हा शब्द मात्र उलटा गेला: संस्कृतातला 'नारंग' फारसीत, तिथून अरबीत, तिथून स्पेनमध्ये. साखरेचंही तसंच. शर्करेचं अरबीत 'सुक्कर' झालं, आणि अरबी उपपदासकट ती स्पॅनिशमध्ये 'असुकार' म्हणून विरघळली.

तोलेदोची सहल ठरली ती या खेळामुळेच. बाई म्हणाल्या, शब्दकोश बघण्यापेक्षा गाव बघू.

*

तोलेदोचं रेल्वे स्टेशनच बघण्यासारखं आहे. नालाच्या आकाराच्या कमानी, विटांची नक्षी, रंगीत फरशा. वाटतं, अरबांच्या काळातलं असावं. ते १९१९ साली उघडलं. अरबी बोलणारी शेवटची माणसं देशाबाहेर घालवून ३०० वर्षं झाली होती, आणि तरी गावाचं प्रवेशद्वार सजवायचं म्हटल्यावर शिल्पकारांना त्यांचीच नक्षी सुचली.

स्टेशनापासून पंधरा-वीस मिनिटं चाललं की ताहो नदी येते. या नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या खडकावर गाव वसलंय. नदीवर दगडी पूल आहे, मूळचा रोमन, नंतर अरबांनी आणि मग ख्रिस्ती राजांनी डागडुजी केलेला. त्याचं नाव 'पुएन्ते दे आल्कांतारा'. रबातची मुलगी पाटी वाचून हसायला लागली. 'अल-कंतारा' म्हणजेच पूल. म्हणजे पाटीवर लिहिलंय 'पूल नावाचा पूल'. ख्रिस्ती राजवट आली तेव्हा लोकांनी जुन्या शब्दाचं विशेषनाम केलं आणि त्याला नव्या भाषेतलं सामान्यनाम जोडलं. गावात वर चढून गेलं की मुख्य चौक लागतो, 'सोकोदोवेर'. हा अरबीतला 'सूक अद-दवाब', गुराढोरांचा बाजार. आज तिथे आइस्क्रीम आणि बदामाची मिठाई मिळते, पण नाव बैलबाजाराचंच आहे.

इतिहासाचा सांगाडा थोडक्यात असा. व्हिसिगॉथ राजांची ही राजधानी आठव्या शतकाच्या सुरुवातीला मुस्लीम सैन्याच्या हाती गेली. १०८५ साली कास्तीलचा राजा सहावा आल्फोन्सो याने ती घेतली. मधल्या काळात इथे अरबी ही केवळ धर्माची भाषा नव्हती; ती बाजाराची, कागदपत्रांची आणि विज्ञानाची भाषा होती. ज्यू अरबी बोलत, इथले ख्रिस्तीही बोलत. राजा बदलला म्हणून एका रात्रीत लोकांची जीभ बदलत नाही. राजवट ख्रिस्ती, पुस्तकं अरबी आणि दोन्ही जाणणारी माणसं गल्लीत हजर, असा योग तोलेदोत जुळून आला.

या गावाने आपली दखल त्याही आधी घेतली होती. आल्फोन्सो येण्याच्या १७ वर्षं आधी, १०६८ साली, साईद अल-अंदलुसी नावाच्या तोलेदोच्या काझीने विज्ञानाचा एक इतिहास लिहिला. कुठकुठल्या लोकांनी ज्ञानात भर घातली याची त्याने वर्गवारी केली, आणि विज्ञानाची कदर करणाऱ्या राष्ट्रांत पहिला मान दिला हिंदला. ग्रीकांच्या आधी, अरबांच्याही आधी. हा देश फार दूर असल्याने त्यांची थोडीच पुस्तकं आपल्यापर्यंत पोचली, अशी खंतही त्याने नोंदवली. जो देश कधी पाहिला नाही, त्याच्याबद्दल फक्त त्याच्या पुस्तकांवरून मत बनवणारा हा काझी मला फार आवडतो. आजच्या स्पॅनिशमध्ये महापौराला 'आल्काल्दे' म्हणतात. तो शब्द म्हणजे 'अल-काझी'च.

*

बाईंनी आधी नेलं ते 'क्रिस्तो दे ला लुस'ला. दोन खोल्यांच्या फ्लॅटएवढी जागा, पण १००० वर्षांहून जुनी. मूळची मशीद. आत चार खांब, त्यांवर नऊ चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाचा घुमट वेगळ्या घाटाचा. बाहेरच्या भिंतीवर विटांच्याच उठावातून अरबी लेख काढलाय. आपल्याला तो नक्षीच वाटतो. रबातच्या मुलीने मान वाकडी करून, बोटाने हवेत गिरवत त्यातलं 'बिस्मिल्ला' शोधलं. बाकीची कूफी अक्षरं तिलाही लागेनात. मग बाईंनी सांगितलं: बांधकाम हिजरी ३९० चं, म्हणजे इ.स. ९९९ च्या सुमाराचं, आणि बांधणाऱ्याचं नाव मूसा इब्न अली. बाराव्या शतकात याच इमारतीला मागून विटांचाच गोलाकार भाग जोडून चर्च केलं. जोडकाम करणाऱ्यांनी विटा लावायची पद्धत तीच ठेवली.

मी मोबाईलवर कीव्हच्या आजींना हे इंग्रजीतून सांगत होते, आणि त्या मान हलवत होत्या. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही. शेवटी रबातची मुलगी मोडक्या स्पॅनिशमध्ये बोलली, ब्राझीलवालीने तिचं व्याकरण सरळ केलं, आणि आजींनी ते वहीत युक्रेनियनमध्ये उतरवून घेतलं. तोलेदोचे अनुवादक नेमकं असंच काम करत.

'तोलेदोची अनुवादकांची शाळा' हा शब्दप्रयोग तुम्हाला सगळीकडे दिसेल. त्यामुळे मनिलावाल्याने गावात शिरताच विचारलं, ती शाळा कुठे आहे? तशी इमारत नव्हती, वर्ग नव्हते, पदवी नव्हती. हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांमुळे रूढ झालं. बाराव्या शतकात होते ते कॅथिड्रलच्या आसऱ्याने काम करणारे सुटे सुटे लोक. आज त्या नावाची एक संस्था गावात आहे, पण ती १९९४ मध्ये विद्यापीठाने सुरू केलेली.

मग काम कसं चालायचं? याचा धडधडीत पुरावा एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत आहे. इब्न सीनाचा आत्म्यावरचा ग्रंथ लॅटिनमध्ये आणून आर्चबिशपला अर्पण केला गेला. तिथे इब्न दाऊद हा ज्यू विद्वान पद्धत सांगतो: मी एकेक अरबी शब्द बोलीभाषेत सांगत गेलो, आणि दोमिनिकुस गुंदिसालिनुस हा चर्चचा अधिकारी तो लॅटिनमध्ये लिहीत गेला. म्हणजे एका मुस्लीम तत्त्वज्ञाचं पुस्तक, एका ज्यूच्या तोंडून, एका ख्रिश्चनाच्या लेखणीत. दोघांपैकी एकालाही पूर्ण रस्ता येत नव्हता. मधोमध होती गल्लीतली बोली, आणि ती कागदावर उरलीच नाही.

इटलीहून आलेल्या क्रेमोनाच्या जेरार्डचीही तीच तऱ्हा. त्याला टॉलेमीचा 'अल्माजेस्ट' हा खगोलग्रंथ हवा होता. लॅटिनमध्ये तो मिळेना, म्हणून तो तोलेदोला आला, अरबी शिकला आणि परत गेलाच नाही. ११८७ साली तो वारला तेव्हा शिष्यांनी त्याच्या भाषांतरांची यादी केली. ती ७१ ग्रंथांची भरली. त्यात अल-ख्वारिझ्मीचं बीजगणित होतं आणि इब्न सीनाचं वैद्यकही. जेरार्डचं नाव सगळ्यांना माहीत असतं. 'अल्माजेस्ट'च्या वेळी त्याच्याशेजारी बसलेल्या गालिबचं नाव मात्र एका इंग्रज विद्यार्थ्याने ओझरतं लिहून ठेवलं, म्हणून कळलं. गालिब हा अरबी बोलणारा स्थानिक ख्रिश्चन होता.

पुढच्या शतकात एक बदल झाला. तोलेदोतच जन्मलेला दहावा आल्फोन्सो १२५२ साली राजा झाला. त्याने भाषांतरं लॅटिनपेक्षा कास्तिलियनमध्ये, म्हणजे त्या मधल्या बोलीतच करून घ्यायला सुरुवात केली. गादीवर येण्याआधी, १२५१ मध्ये, त्याने करवून घेतलं म्हणतात ते पुस्तक 'कालिला ए दिम्ना'. कालिला आणि दिम्ना म्हणजे पंचतंत्रातले दोन कोल्हे, करटक आणि दमनक. संस्कृत, पेहलवी, अरबी असा प्रवास करून ते इथे आले, आणि स्पॅनिश गद्याच्या अगदी सुरुवातीच्या कथांमध्ये जाऊन बसले. राजाच्या खगोलकोष्टकांचं काम येहुदा बेन मोशे आणि इसाक इब्न सीद या दोन ज्यू विद्वानांनी केलं. आज मी शिकते ती भाषा विज्ञानाची भाषा झाली ती अशी.

आता यावर 'तीन धर्म गुण्यागोविंदाने नांदत होते' असं लिहिणं सोपं आहे. तोलेदोच्या दुकानांतल्या चुंबकांवर तेच लिहिलेलं असतं. पण याच आल्फोन्सोच्या कायदेसंहितेत ज्यूंनी डोक्यावर ओळखीची खूण घालावी असं कलम आहे. इसाककडून कोष्टकं करून घ्यायची आणि कायद्याने त्याच्या डोक्यावर खूणही लावायची, या दोन गोष्टी त्या दरबाराला विसंगत वाटल्या नाहीत. उपयोग होता तोवर जागा होती. प्रेम होतं असं म्हणायला पुरावा लागेल.

*

दुपारी आम्ही ज्यू मोहल्ल्यात गेलो. 'एल त्रान्सितो' हे प्रार्थनामंदिर चौदाव्या शतकाच्या मध्यावर शमुएल हा-लेवीने बांधलं. तो राजा पेद्रोचा खजिनदार. आत मान वर केली की भिंतभर चुनेगच्चीची नक्षी, तिच्या कडेने हिब्रू लेख, आणि मधूनमधून चक्क अरबी अक्षरं. ख्रिस्ती राज्यातलं ज्यू मंदिर, आणि सजावटीत अरबी. शमुएलचं पुढे काय झालं? त्याच राजाने त्याला पकडलं, आणि छळात त्याचा अंत झाला.

पुढचा घटनाक्रम भराभर उतरणीला लागतो. १३९१ साली ज्यू मोहल्ल्यांवर हल्ले झाले, तोलेदोतही. अनेकांनी जीव वाचवायला बाप्तिस्मा घेतला. मग १४४९ मध्ये याच गावात एक ठराव झाला: ज्यू वंशाच्या ख्रिश्चनांना गावात अधिकारपद मिळणार नाही. धर्म बदलला तरी रक्त तेच, हा युक्तिवाद स्पेनमध्ये अशा रीतीने प्रथम कागदावर आला तो तोलेदोत. १४९२ मध्ये उरलेल्या ज्यूंना देश सोडायला सांगितलं. मुदत चार महिन्यांची. १५०२ मध्ये कास्तीलच्या मुसलमानांपुढे दोन पर्याय ठेवले, बाप्तिस्मा किंवा हद्दपारी. १५६७ च्या फर्मानाने ग्रानादात अरबीवरच बंदी आली, आणि कास्तिलियन शिकायला ३ वर्षं दिली. हे वाक्य बाईंनी सांगितलं तेव्हा आमच्या वर्गात जरा शांतता झाली. भाषेच्या परीक्षेची मुदत काय असते, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी १६०९ ते १६१४ या काळात धर्मांतरित मुस्लिमांच्या वंशजांना, मोरिस्कोंना, देशाबाहेर काढलं. सुमारे ३ लाख माणसं. त्यातली बरीच मोरोक्कोत उतरली. रबातची मुलगी म्हणाली, आमच्याकडे काही घराण्यांची आडनावं अजून स्पॅनिश वळणाची आहेत.

याचा आजच्याशी संबंध नाही असं वाटत असेल, तर स्पेनचा नागरिकत्वाचा नियम बघा. साधारणपणे १० वर्षं कायदेशीर वास्तव्य लागतं. लॅटिन अमेरिका, फिलिपिन्स, पोर्तुगाल अशा जुन्या नात्यातल्या देशांच्या लोकांना २ वर्षं पुरतात. १४९२ मध्ये घालवलेल्या सेफार्दी ज्यूंच्या वंशजांनाही २. शिवाय २०१५ मध्ये खास कायदा करून त्यांना देशाबाहेरूनही अर्ज करायची सोय दिली. ती खिडकी काही वर्षांनी बंद झाली. एका जुन्या अन्यायाची ही उशिराची भरपाई होती आणि ती योग्यच होती. मोरिस्कोंच्या वंशजांसाठी मात्र अशी खिडकी उघडली नाही. आमच्या बाकांवर हा हिशोब असा लागतो: मनिला २, ब्राझील २. कीव्ह, चीन, मराठी मी आणि रबात, सगळे १०. जिच्या पूर्वजांच्या शब्दांशिवाय या भाषेत संत्रं मागता येत नाही, साखर मागता येत नाही, महापौराला हाक मारता येत नाही, ती आणि मी एकाच रांगेत. मी या रांगेत उभी आहे कारण सध्या कंपन्यांना कोड लिहिणारे हवे आहेत. उपयोग होता तोवर जागा होती, हे वाक्य मी इतिहासाबद्दल लिहिलं. पण दरवर्षी परवान्याचे कागद भरताना ते मला वर्तमानकाळात ऐकू येतं.

*

मोरिस्कोंना घालवण्याच्या चार वर्षं आधी, १६०५ साली, सर्व्हान्तेसचा 'दोन किहोते' प्रसिद्ध झाला. त्याच्या नवव्या प्रकरणात कथा मध्येच तुटते, कारण निवेदकाकडचं हस्तलिखित संपलेलं असतं. पुढचा भाग त्याला सापडतो तो तोलेदोच्या बाजारात, रद्दी विकणाऱ्या एका पोराकडे. तो असतो अरबीत. निवेदक आसपास बघतो, आणि वाचून दाखवणारा मोरिस्को त्याला सहज भेटतो. मजुरी ठरते: दोन आरोबा मनुका आणि दोन फानेगा गहू. निवेदक त्याला घरी ठेवून घेतो, आणि दीड महिन्यात भाषांतर पुरं होतं. स्पॅनिश साहित्यातली सर्वांत मोठी कादंबरी स्वतःबद्दल असं सांगते की मी एका बिननावाच्या मोरिस्कोने केलेलं अरबी पुस्तकाचं भाषांतर आहे. हा विनोद आहे खरा. पण तो करायला सर्व्हान्तेसला तोलेदोचाच बाजार सुचला, आणि तिथे अरबी वाचणारा माणूस मिळेल यावर त्याच्या वाचकांनी विश्वास ठेवला. थोड्याच वर्षांत तसा माणूस तिथे मिळाला नसता.

शब्द मात्र घालवता आले नाहीत. त्यांना हद्दीवर उभं करून वंश विचारता येत नाही. सोमवारी बाईंनी 'ओहाला' हा शब्द शिकवला. 'असं व्हावं' म्हणताना स्पॅनिश माणूस तो रोज वापरतो: ओहाला पाऊस पडो, ओहाला नोकरी लागो. बाईंनी फळ्यावर उगम लिहिला. अरबीतून आलेला, 'अल्लाची इच्छा असेल तर'. गृहपाठ होता या शब्दाने सुरू होणारी पाच वाक्यं, जोडीने लिहायची. रबातची मुलगी तिची वही घेऊन माझ्या बाकावर येऊन बसली. शब्द तिला आधीपासून येत होता, क्रियापदं मी बघत होते.